वाचणाऱ्यानं इथं थांबावं

ते पुस्तक माझं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की ही बाई उगाच जळते. जळते मी, पण उगाच नाही.

नव्वदच्या नंतरची पहिली काही वर्षं. केळीवाल्या शेतकऱ्यांच्या एका संस्थेत मी जळगावला नोकरीला होते आणि रोज भुसावळहून पॅसेंजरनं येऊन जाऊन करायचे. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. संगणकाचा डिप्लोमा केलेली आमच्या कॉलनीतली मी पहिली. माझ्याआधी मुलगा नाही, मुलगी नाही, पहिली म्हणजे पहिलीच. आमच्या संस्थेनं संगणक घेतले आणि शाखाशाखांमध्ये एकेक यंत्र बसवलं, तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. तोवर मी आवकजावक बघत होते.

आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. चित्र नाही, माऊस नाही. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. त्या रेघेपाशी इंग्रजीत हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं. तो हुकूम घेऊन यंत्राकडं पोचवणारा मधला जो असतो, त्याला शेल म्हणतात. हुकूम बरोबर असेल तर काम होतं, चुकला तर तो तुसड्यासारखं एक वाक्य फेकतो आणि गप्प बसतो. कंपनीनं त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तकं दिली होती, उशाला घ्यावीत एवढी जाड. आमच्या शाखांमधले कारकून निम्मे जुन्या मॅट्रिकचे. त्यांनी ती पुस्तकं कपाटावर ठेवली आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं.

साहेब मला म्हणाले, "मॅडम, मराठीत एक पुस्तक लिहा. आपल्या माणसांना कळेल असं. नाव कुणाचं घालायचं नाही हं, संस्थेचं पुस्तक."

नाव नाही घातलं तरी मला चालणार होतं. खान्देशात छापलेल्या नावाला कोण विचारतो? हे कुणाचं, ते कुणाचं, हे लोकांच्या तोंडानं ठरतं. शेत सातबाऱ्यावर कुणाच्याही नावावर असो, गावात ते ज्याचं म्हणतात त्याचंच. मला एवढंच पाहिजे होतं की शाखेत कुणाचं काही अडलं तर त्यानं म्हणावं, "ते मॅडमचं पुस्तक काढा बरं." बास. आईनं तर पुढची मजल मारली. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, की खिरीची वाटी हातात असतानाच ती सांगत सुटली, "आमची पोरगी पुस्तक लिहू राह्यली." सगळ्या कॉलनीला कळलं. आता माघार नव्हती.

मी लिहिलं. चोख लिहिलं. हुकूम, त्याचा अर्थ, तो कसा लिहायचा, पुढचा हुकूम. सायक्लोस्टाईल करून प्रती शाखांना पाठवल्या. सगळीकडून उत्तरं आली, "पुस्तक छान आहे." मग काही दिवसांनी मी पाळधीकडच्या शाखेत गेले, तर पडदा जरा उंच यावा म्हणून माझं पुस्तक त्याच्याखाली सारलेलं. मी ते ओढून काढलं. तिथला कारकून म्हणतो कसा, "राहू द्या ना मॅडम, बरोबर मापाचं आहे."

अशा मापात मी असताना ते आले.

ते धुळ्याचे, देवपूरचे. आमच्या धुळे शाखेतून बदली होऊन जळगावला आले. वडील शाळामास्तर, ह्यांनीही थोडी मास्तरकी केलेली. उंच, किडकिडीत, शर्टाची बाही दुमडलेली, आणि तोंडात खडीसाखर. आल्या आल्या त्यांनी शिपायाला त्याच्या गावची पाऊसपाण्याची खबर विचारली, टायपिस्टबाईंच्या सासूच्या गुडघ्याचं विचारलं. पहिला महिना सरायच्या आत सगळी कचेरी त्यांना 'भाऊ' म्हणायला लागली. साहेबसुद्धा! मी तिथं किती वर्षं खुर्ची झिजवत होते, पण मी मॅडमच. मॅडम, सही. मॅडम, पंखा बंद करा. कुणाच्या तोंडून चुकून 'ताई' निघालं असेल तर माझी हरकत नाही, पण निघालं नाही.

साहेबांनी माझं पुस्तक भाऊंच्या हातात दिलं. "जरा सोपं करता येतं का बघा." त्यांनी सोपं केलं नाही, नवंच लिहिलं. पहिलंच पान असं होतं: "हा यंत्रबाबा बहिरा नाही, पण भोळा आहे. अर्धं सांगितलं तर त्याला अर्धंच कळतं, आणि उलटं सांगितलं तर तो बिचारा उलटंच करतो. त्याच्यावर रागावू नका. घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं त्याच्याशी सावकाश आणि पूर्ण बोला."

झालं. लोक वेडे झाले. शाखांमधून प्रती मागवायला लागले. चहाच्या टपरीवर आमचे कारकून एकमेकांना म्हणायचे, "काय रे, यंत्रबाबा झालास का?" साहेबांच्या मिसेसनी म्हणे ते पान दुपारी मैत्रिणींना वाचून दाखवलं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: भाऊंचं पुस्तक, भाऊंचं पुस्तक. त्यातले हुकूम मी जमवलेले, त्यांचा क्रम माझा, उदाहरणं माझी. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आईनं विचारलं, "छापलं का गं तुझं?" मी म्हटलं, "छापताहेत." आणि न जेवता पडून राहिले.

मत्सर माणसाला बारीक नजर देतो, हे मात्र खरं. मी ते पुस्तक इतक्यांदा वाचलं, की खुद्द त्यांनीही वाचलं नसेल. आणि मला घबाड सापडलं. यंत्रात जिथं कागदपत्रं ठेवतात त्या जागेला त्यांनी एका पानावर कपाट म्हटलं होतं, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर खण. कागदाला कुठं फाईल, कुठं दप्तर. 'सगळं' म्हणून जी खूण मारतात तिला कुठं चांदणी, कुठं फूल. मी डबा खायच्या वेळी त्यांना गाठलं.

"भाऊ, एका वस्तूला एक नाव का नाही?"

ते हसले. भाकरीचा तुकडा माझ्यापुढं करत म्हणाले, "एकच शब्द चारदा आला की कान विटतो हो मॅडम. निबंधात तसं केलं की आमचे वडील लाल शाईनं गोल मारायचे."

"हा निबंध नाही. कपाट आणि पेटी वेगळी वाटतील लोकांना."

"लोक काय एवढे खुळे आहेत?"

घासाघासाला मिरच्या झोंबत होत्या मला. मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं आपलं काहीतरीच. लोकांना आवडलंय ना?" पुढच्याच आठवड्यात साक्रीकडच्या एका शाखेतून ट्रंककॉल आला. तिथले कारकून घायकुतीला आलेले. "मॅडम, कपाट सापडनं, खण बी सापडना, पन पेटी कोठे शे? बठ्ठं धुंडी टाकं." कपाट मिळालं, खणही मिळाला, आता पेटीसाठी सगळं धुंडाळत होते. मी रिसीव्हर साहेबांकडं दिला. माझं तोंड मी कसं सरळ ठेवलं ते माझं मला ठाऊक. साहेबांनी ऐकून घेतलं, खो खो हसले आणि म्हणाले, "भाऊंना सांगा, गंमत आहे." म्हणजे भाऊंची चूकसुद्धा गंमत. माझं बरोबर ते पडद्याखाली.

मग असोद्याचं प्रकरण झालं.

असोद्याच्या शाखेत दोघं जण संगणक बघायचे. वाचायचे ते आबा आणि टाईप करायचे ते नाना. हे दोघं पूर्वीपासून ताळा करणारे. आमच्याकडं ताळ्याची पद्धत अशी, की एकानं चिठ्ठीवरचं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकत ऐकत खूण करत जायचं. वाचणाऱ्यानं वहीकडं बघायचं नाही, खूण करणाऱ्यानं चिठ्ठीकडं बघायचं नाही. जन्मभर असंच करत आलेले, त्यामुळं एकाचं तोंड आणि दुसऱ्याचा हात यांच्यात श्वासाचंही अंतर नव्हतं. संगणक आला तेव्हाही त्यांनी काही बदललं नाही. आबा भाऊंचं पुस्तक हातात धरून पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचे आणि नाना, पुस्तकाकडं ढुंकूनही न बघता, ऐकतील ते टाईप करायचे.

त्या दिवशी ते 'साफसफाई' नावाच्या धड्यावर पोचले. भाऊंनी तो धडा रंगवला होता. "कपाटात केरकचरा साचला की जीव गुदमरतो. आता बघा जादू. आर, एम, मग थोडी जागा, मग चांदणी, आणि मारा एंटर! झालं की नाही लख्ख?" आणि पान उलटल्यावर, वरच्या ओळीत: "पण सांभाळा हं, असं गेलेलं परत येत नाही. हे कामाच्या कपाटात कधीही करू नका."

आबांनी वाचलं, नानांनी मारलं. मग आबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि वाचलं.

त्या हंगामातली केळीच्या वजनांची सगळी नोंद त्या यंत्रात होती, ती एका एंटरनं पुसली गेली. कॉपी काढून ठेवायचा धडा पुस्तकात होता. साफसफाईच्या पुढं होता.

फोन आला तेव्हा मला काय वाटलं, सांगू? वाईट वाटलं, असं म्हणायला पाहिजे. मला आनंद झाला. आत कुठंतरी ढोल वाजला. भाऊ मात्र पांढरेफटक पडले. साहेबांनी आम्हा दोघांना लगोलग असोद्याला पाठवलं. एसटीत ते खिडकीला डोकं टेकवून बसले होते. दोन्ही बाजूंना केळीचे बाग, मला ते कधी नव्हे इतके हिरवे दिसत होते. मी मनात वाक्यं जुळवत होते. बघा, मी म्हणतच होते. कुणी ऐकलं?

शाखेत पोचलो तर आबा आणि नाना मान खाली घालून उभे. भाऊंना बघताच आबांनी हात जोडले. "भाऊ, चुकी आमची व्हय. तुम्ही तं बरोबरच लिहिलं व्हतं. आम्हीच घाई केली."

हंगाम बुडवणाऱ्या पुस्तकाची माफी वाचणारेच मागताहेत! नानांच्या तर डोळ्यात पाणी. म्हणाले, "तुम्ही इतक्या मायेनं सांगितलं, अन् आम्ही पान उलटायलेबी थांबलो नाही." आणि मग माझ्याकडं वळून, "मॅडम, चहा घेता का?"

नशिबानं वजनाच्या चिठ्ठ्या खोक्यात भरून ठेवलेल्या होत्या. त्यावरून सगळं परत भरायचं ठरलं. आबा वाचायचे, नाना टाईप करायचे, मग भाऊ वाचायचे, मी टाईप करायचे. बरेच दिवस आम्ही ते केलं. दुपारी कुणाच्या तरी शेतातून वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी यायच्या. पहिलं ताट भाऊंना. "खा भाऊ, तुम्हाले लय मनस्ताप झाला." मला कुणी म्हटलं नाही की तुम्हाला मनस्ताप झाला. झाला नव्हता हेही खरं, पण म्हणायला काय जातं?

तिथंच मी आबा-नानांना काम करताना नीट पाहिलं. ओळ संपते कुठं ते नानांना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आबा दम घ्यायला थांबले की नाना समजायचे, हुकूम संपला. आमच्या दोघांच्या पुस्तकांत, माझ्याही, हा जोडीचा हिशेबच नव्हता. आम्ही एक माणूस मनात धरून लिहिलं होतं, जो डोळ्यांनी वाचतो आणि मग हात उचलतो. असोद्याला माणूस दोघांचा मिळून एक होता.

परत आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "भाऊ फार लावून घेताहेत मनाला. पुस्तकाला हात लावायचं नाही म्हणतात. तुम्ही जरा त्यावर हात फिरवा."

हात फिरवा! गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. माझ्या पुस्तकावरून उठलेलं पुस्तक, आणि त्याच्यावर मी हात फिरवायचा. मी "बरं" म्हटलं आणि पुस्तक पिशवीत कोंबून स्टेशन गाठलं. गाडीत बसल्यावर मात्र ठरवलं की हात असा फिरवीन, की उघडलं की माझंच दिसेल.

मी सगळी कपाटं-पेट्या-खण उचलून फेकले. एक वस्तू, एक नाव: कपाट म्हणजे कपाट, शेवटच्या पानापर्यंत. चांदणी म्हणजे चांदणी. जे टाईप करायचं ते चौकटीत, आणि चौकटीत जे नाही त्याला बोट लावायचं नाही, हा नियम पहिल्याच पानावर. यंत्र जे उत्तर देईल ते वेगळ्या तिरप्या अक्षरात. प्रत्येक हुकुमाची मांडणी सारखी: आधी तो कशासाठी, मग त्यात धोका काय, मग चौकट. धोका नेहमी चौकटीच्या वर. कॉपी काढायचा धडा पुढं आणला, साफसफाई मागं ढकलली. कान विटले तर विटू देत.

यंत्रबाबाचा उतारा मी रागारागानं छाटून टाकला होता. लपवत नाही. मग तपासायला म्हणून घरी स्वैपाकघरात वडिलांना वाचायला बसवलं आणि आईला टाईप करायला. आईपुढं पोळपाट उपडा ठेवला. म्हटलं, वडील वाचतील तसं तू बोटांनी वाजव. आई म्हणाली, "भाकरी राहिल्या ना गं," पण बसली. माझ्या पिशवीतलं भाऊंचं पुस्तक वडिलांनी आधीच चाळलेलं होतं. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि विचारलं, "ते म्हाताऱ्या बाबाचं होतं ते कुठं गेलं? ते छान होतं." मी दात ओठ खात तो उतारा परत घातला.

साफसफाईचा धडा आला. धोका चौकटीच्या वर होता, तरी काय उपयोग? वडील एका दमात वाचत सुटले आणि आईनं धोक्याच्या ओळीलाही पोळपाट बडवला, चौकटीलाही बडवला. पुन्हा वाचलं, पुन्हा बडवला. तिला वाटत होतं, वाजवणं म्हणजे आज्ञा पाळणं. शेवटी मी ओरडले, "अगं आई, थांब की! हात मांडीवर ठेव बघू आधी. बाबा, तुम्हीही थांबा. आता दोघं मिळून ही ओळ बघा. पटली तर बोट उचल, नाही तर नको."

दोघं थांबले. आईनं पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि वाकून पुस्तकात बघितलं. संसारात पहिल्यांदाच दोघं एक कागद वाचत होते बहुतेक. मी जे ओरडले होते तेच जरा निवत ठेवून लिहून काढलं. धोक्याच्या प्रत्येक चौकटीच्या वर ते चार ओळींत बसवलं:

"वाचणाऱ्यानं इथं थांबावं. टाईप करणाऱ्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. पुढची चौकट दोघांनी वाकून, मिळून वाचावी. दोघांना पटली तरच बोट उचलावं, आणि एकालाही शंका असेल तर चहा घ्यावा."

चहा आईनं सुचवला.

पुस्तक छापून आलं. भाऊंनी माझ्या टेबलाशी उभं राहून ते सबंध वाचलं. मी फायलीत तोंड खुपसून बसले होते, पण कान त्यांच्या पानं उलटण्याकडं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आता हे पुस्तक झालं. हे तुमचं." आणि माणूस तोंडदेखलं बोलला नाही. शाखेशाखेत जाऊन सांगत सुटला: "हे मॅडमनी केलंय, माझं काही नाही."

आता ऐका मजा. कुणाला खरं वाटलं नाही! लोक म्हणायला लागले, "बघा, भाऊंचं मन केवढं मोठं. स्वतः लिहून श्रेय त्या मॅडमला देतात." भाऊंचं पुस्तक होतं ते आणखी भाऊंचं झालं, वर औदार्याचा तुरा. मी भांडायचं तरी कुणाशी? ते वाईट असते तर सोपं होतं. वाईट माणसाचा हेवा माणसाला पचतो. ह्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि माझा जीव जागा शोधून शोधून दमला.

काही वर्षांनी ते नोकरी सोडून देवपूरला परत गेले, तिथं कुठल्याशा शाळेत शिकवायला लागले. निरोपाला सगळी कचेरी रडली. मी नाही. मी मनाशी म्हटलं, आता तरी. भाऊ गेले, पुस्तक इथंच आहे, मी इथंच आहे. हळूहळू लोकांच्या तोंडची सवय जाईल. शाखांमध्ये शिकवायला मीच जायचे. चौकट मीच समजावायचे. तरी नव्या माणसाला जुना माणूस सांगायचा, "काळजी करू नको, भाऊंचं पुस्तक आहे."

दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. जुन्या हंगामांच्या नोंदी काढून टाकायच्या होत्या, म्हणून मी शाखा फिरत होते. असोद्याला गेले. आबांचा चष्मा जाड झाला होता, नाना पिकले होते, बाकी जोडी तीच. इतकी वर्षं तेच काम करून पाठ झालेलं, तरी साफसफाई करायची म्हटली की पुस्तक उघडल्याशिवाय करायची नाही, असा त्यांचा नेम. आबांनी पुस्तक काढलं. कोपरे गेलेले, वर गव्हाच्या पिशवीचं कव्हर घातलेलं. मी मागच्या खुर्चीत बसले.

कॉपी काढून झाली. आबा पुढच्या धड्यावर आले. घसा खाकरून वाचलं, "वाचणाऱ्यानं इथं थांबावं." आणि थांबले. खरंच थांबले. नानांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मग आबांनी पुढचं वाचलं, पुस्तक पडद्याशेजारी धरलं, दोघं वाकले आणि चौकटीवर बोट ठेवून एकेक अक्षर पुटपुटत राहिले. आई आणि बाबा बसले होते तसेच.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझी ओळ काम करताना पाहत होते.

आबा सरळ झाले, माझ्याकडं वळले, आणि म्हणाले, "काय लिहून गेले हो भाऊ! ह्या एका ओळीनं आमचं किती वाचवलं, सांगता सोय नाही. हात मांडीवर ठेवा म्हणे! असं माणसाच्या पोटात शिरून कोण लिहितं?"

बांध फुटला. "आबा, ती ओळ मी लिहिली आहे."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तुम्ही?"

"मी. भुसावळला, आमच्या स्वैपाकघरात. आईच्या पोळपाटावर." माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "चौकट माझी, कपाट माझं, ती ओळ माझी. भाऊंनी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं."

आबांनी चष्मा वर सारला आणि ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. नानांचे हात अजून मांडीवरच होते. मग आबा अगदी मायेनं, मला समजवावं तसं म्हणाले, "असंल अक्का. तुम्ही खोटं कशाले बोलाल. पण वाचताना आवाज भाऊंचाच येतो."

नानांनी विचारलं, "मग, दाबू का?"

"दाबा," मी म्हटलं.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. केळीचे बाग मागं पडत होते. शेजारी कुणी नाही असं बघून मी ती ओळ हळूच तोंडानं म्हणून पाहिली, माझ्याच आवाजात. वाचणाऱ्यानं इथं थांबावं. पुन्हा म्हटली. मेली देवपूरच्याच आवाजात ऐकू आली.